सोप्यातली भिंत: जुनी चित्रं पुन्हा जमवताना ठेवलेल्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

आत्याच्या लग्नाचा १९५८ सालचा एक फोटो आहे. वाईच्या घरातल्या सोप्यात, म्हणजे पुढच्या बैठकीच्या जागेत, मांडव-परतणीला आलेली मंडळी बसलीत आणि मागे भिंत दिसते. मधोमध चौकटीतली लक्ष्मी, एका बाजूला काचेवर रंगवलेला बाळकृष्ण, वर कडीला टांगलेली काचेची, दिव्याची हंडी. १९७४ साली घराला रंग काढला तेव्हा हे सगळं दारावर आलेल्या एका फेरीवाल्याला गेलं. बदल्यात स्टीलचं पिंप आणि सहा ताटं आली. पिंप अजून आमच्याकडे आहे.

ती भिंत मला माझ्या पुण्यातल्या घरात पुन्हा उभी करायची आहे. तीच चित्रं मिळणार नाहीत, पण त्याच काळातली, त्याच जातीची मिळवायची. खर्च चाळीस हजारांच्या आत ठेवायचा आणि दसऱ्यापर्यंत काम संपवायचं, असं आज ठरवलं. आणखी कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून चुकांसकट लिहून ठेवते.

९ जून, रविवार

पुण्याच्या जुन्या बाजारात गेले. बुधवार आणि रविवार हे त्याचे दिवस. सकाळी आठला पोचले, कारण पाऊस आला की माल ताडपत्रीखाली जातो आणि काही दिसत नाही. हिरव्या काचेची एक हंडी १,४०० रुपयांना घेतली. विकणाऱ्याने आपणहून सांगितलं, "ताई, ही नवीन आहे, फिरोजाबादची. जुनी पाहिजे तर वाट बघा." या सरळपणामुळेच घेतली. हंडी नवी असली तरी चालेल, चित्रं मात्र जुनीच हवीत.

१६ जून, रविवार

पहिली मोठी चूक आज झाली.

मुंबईत एका दुकानात रविवर्म्यांच्या लक्ष्मीचं 'शंभर वर्षांपूर्वीचं' छापील चित्र घेतलं. किंमत ६,५०० रुपये. कागद पिवळट, कडा कुरतडलेल्या, चौकट जुनी, मागे जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवलेला. मला सगळं पटलं. घरी आल्यावर शेजारच्या सराफांकडून दहापटीचं भिंग आणून चेहऱ्यावर धरलं, तर गालावर चार रंगांचे एकसारखे ठिपके आखून दिल्यासारखे गोल फुलांच्या नक्षीत बसलेले. ही आजकालची ऑफसेट छपाई. कागद चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला असावा, कारण मागच्या बाजूला रंग कोपऱ्यांत गडद साचला होता.

जुन्या ओलिओग्राफमध्ये, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या दगडी छापाच्या चित्रात, प्रत्येक रंगाला वेगळा दगड असे. त्यावर हाताने ठिपके काढलेले असत आणि दगडाचा स्वतःचा रवा असे. भिंगाखाली ते रांगोळी सांडल्यासारखे दिसतात, लहानमोठे, कुठे दाट तर कुठे विरळ. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की पुन्हा फसायला होत नाही. पण त्यासाठी खरं चित्र एकदा तरी भिंगाखाली बघायला हवं, आणि मी ते न बघताच पैसे मोजले. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. पावतीवर त्याने फक्त 'फ्रेम' एवढंच लिहिलं होतं, तेही मी तेव्हा वाचलं नव्हतं.

चौकट मात्र खरंच जुनी निघाली. ती ठेवून घेतली.

७ जुलै, रविवार

तीन आठवडे काहीही विकत घ्यायचं नाही, फक्त बघायचं, असं ठरवलं होतं. दोनदा केळकर संग्रहालयात जाऊन आले. दिनकर केळकरांनी वाड्यावाड्यांतून, खेड्याखेड्यांतून दिवे, अडकित्ते, दरवाजे, काचचित्रं जमवली आणि १९७५ साली सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. तिथे काचचित्रांसमोर, म्हणजे काचेच्या मागच्या बाजूवर रंगवलेल्या चित्रांसमोर, अर्धा तास उभी राहिले. ती नेहमी तिरक्या उजेडात बघावीत. समोरून काच चकाकते, पण बाजूने पाहिलं की कुठे रंग काचेपासून सुटलाय ते कळतं. सुटलेल्या जागी रंगाखाली हवा शिरते आणि तिथे रुपेरी चकाकी येते.

आज साताऱ्याकडच्या औंधला गेले. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं संग्रहालय टेकडीवर आहे. तिथे रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं आहेत. मूळ चित्र पाहिल्यावर छापील चित्राकडे बघायची नजर बदलते. छापखान्यातल्या कारागिरांनी तैलरंगांची खोली दगडावर कशी उतरवली असेल, हे तिथे उभं राहिल्यावर समजतं. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये गिरगावात छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. माझ्या पणजीच्या घरात लक्ष्मी पोचली ती या छापखान्यामुळे. त्याआधी रविवर्म्यांचं चित्र बहुतेक संस्थानिकांच्या महालांतच असायचं.

२० जुलै, शनिवार

चौकटी करणाऱ्या आमच्या मिस्त्रींना ठाऊक होतं की मी काय शोधतेय. त्यांनी भोरकडच्या एका घराचा पत्ता दिला. घर उतरवायला काढलं होतं. माळ्यावर भिंतीला टेकवून लक्ष्मी ठेवलेली होती.

भिंग लावलं. रांगोळीचे दाणे. खालच्या पट्टीवर 'रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा' अशी इंग्रजी अक्षरं, अर्धी चौकटीखाली गेलेली. माप साधारण १४ × २० इंच. आणि मला ज्याची अजिबात अपेक्षा नव्हती ते म्हणजे, लक्ष्मीच्या साडीचे काठ खऱ्या जरीने शिवलेले होते. मुकुटावर टिकल्या. सोंडेत हार घेतलेल्या हत्तीच्या पाठीवर लाल मखमलीचा इवला तुकडा, झुलीसारखा. कुणीतरी सुईने, कागदातून आरपार टाके घालून हे सगळं केलं होतं. पूर्वी घरोघरी बायका छापील देवतांना असं सजवत. आमच्या फोटोतल्या लक्ष्मीचे काठही चकाकताना दिसतात. फ्लॅशचा परिणाम असेल असं मला इतकी वर्षं वाटायचं.

आत्याला व्हिडिओ कॉल लावला. ती ८४ वर्षांची आहे, दिसायला कमी झालंय. फोन चित्राजवळ नेला तर म्हणाली, "अगं, आपल्या लक्ष्मीला पण होती जर. तुझ्या पणजीनं टाचली होती. तिच्या शालूचा काठ होता तो."

११,००० रुपयांना घेतलं. या वेळी पावती नीट लिहून घेतली: चित्र कुठल्या घरातलं, किती पिढ्या तिथे होतं, कुणाकडून घेतलं. घरमालकांनी आनंदाने सही केली.

२८ जुलै, रविवार

मागचं झाकण उघडलं. हे काम दोन तासांचं समजले होते, अख्खा दिवस गेला.

मागे देवदाराच्या तीन फळ्या होत्या, बहुधा एखाद्या पेटीच्या, कारण एका फळीवर काळ्या शाईची अर्धी अक्षरं आहेत. खिळे गंजून फळीत रुतलेले. पकडीने ओढायला गेले तेव्हा पहिल्याच खिळ्याबरोबर फळीची चीप उडाली. मग लहान पटाशीने खिळ्याभोवतीचं लाकूड कोरून एकेक काढला. सतरा खिळे.

कागदाच्या मागे दोन आडवे तपकिरी पट्टे दिसले, बरोबर जिथे फळ्यांच्या सांध्यांत फट होती तिथे. पुढून पाहिलं तर एक पट्टा लक्ष्मीच्या गुडघ्यावरून फिकट दिसतो. फटीतून हवा-धूळ येत राहिली, बाकी ठिकाणी लाकडातलं आम्ल कागदात उतरत राहिलं. चित्र खराब झालं ते समोरून कमी आणि मागून जास्त. तुमच्याकडे जुनी चौकट असेल तर आधी तिची पाठ बघा.

मखमलीखाली कसर लागलेली होती. तिथे टाका नव्हता, खळीने चिकटवलं होतं आणि कसरीला खळ आवडते. चौकट सागाची, पण तिच्या आतल्या कडेला पांढरट लाकूड आहे आणि त्यात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं. चौकट टेबलावर आपटली तेव्हा बारीक पिवळं पीठ पडलं. म्हणजे कीड अजून जिवंत असावी. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला लागते.

४ ते २० ऑगस्ट

भोकांत औषध भरायचा विचार होता. मिस्त्री म्हणाले, "ताई, औषध भरलं तर वास दोन महिने जाणार नाही आणि तुम्ही चित्र परत त्यातच लावणार." तेव्हा थंडीचा उपाय केला. चौकट आणि ती मुंबईची जुनी चौकट दोन्ही जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळल्या, हवा दाबून काढली, चिकटपट्टीने बंद केल्या, वर दुसरी पिशवी घातली. गल्लीतल्या आईस्क्रीमवाल्या दादांनी त्यांच्या डीप फ्रीझरमध्ये तळाशी जागा दिली. उणे १८ अंश, पूर्ण दोन आठवडे.

बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. गार लाकडावर दमट हवा लागली की पाणी सुटतं. दोन दिवस बंदच ठेवली, पिशवीच्या बाहेरच्या बाजूला थेंब जमले आणि वाळले, मग उघडली. हा उपाय फक्त साध्या लाकडी चौकटीला. सोनेरी मुलामा असलेल्या किंवा चित्र लावलेल्या चौकटीला मी करणार नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

या नोंदीतली चूक मला सर्वांत जास्त लागली आहे.

बाळकृष्णाचं काचचित्र साताऱ्याकडच्या एका कुटुंबाकडून ८,५०० रुपयांना मिळालं. माप १० × १४ इंच. लोण्याचा गोळा हातात घेऊन रांगणारा कृष्ण, मागे हिरवा पडदा. अठराव्या शतकात चीनमधून हे तंत्र आपल्याकडे आलं, मराठा दरबारात चिनी चित्रकारांची काचचित्रं होती, मग इथल्या कलावंतांनी ते उचललं. यात सगळं उलट्या क्रमाने रंगवतात. डोळ्याची बाहुली, दागिन्यांचे मोती, ओठांची रेघ आधी, त्वचेचा रंग नंतर आणि पार्श्वभूमी सगळ्यांत शेवटी.

हे मला माहीत होतं. तरी चौकटीतून काढल्यावर काचेच्या मागच्या बाजूला काजळी दिसली, आणि मी कापसाचा बोळा पाण्यात जेमतेम ओला करून कोपऱ्यात फिरवला. दोन वेळा. बोळा उचलला तर तो हिरवा झाला होता. काच उलटी करून पाहिली तेव्हा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात नखाएवढी पारदर्शक जागा. रंग गोंदात कालवलेला असणार, पाणी लागताच सुटला. मागची बाजू ही घाण नसते, तोच चित्राचा शेवटचा थर असतो, आणि मी त्यालाच पुसलं.

दुसऱ्या दिवशी कामाला गेलेच नाही. तासभर नुसती त्या जागेकडे बघत बसले होते. हे चित्र कुणीतरी शंभराहून जास्त वर्षं जपलं आणि माझ्या हाती आल्यावर चार दिवसांत त्याला इजा झाली.

कुणाचंही काचचित्र असो: समोरची काच फक्त कोरड्या मऊ कपड्याने पुसा. फवारा मारू नका, तो कडेने आत झिरपतो. मागच्या बाजूला काहीही लावू नका, कोरडा ब्रशसुद्धा नाही.

८ सप्टेंबर, रविवार

गणपती बसले. पाहुण्यांच्या गडबडीत भिंतीकडे पाहायची सवड आज मिळाली. जी भिंत ठरवली होती ती पश्चिमेची आहे आणि पावसाळ्यात तिला ओल येते. आर्द्रतामापक ६०० रुपयांना आणून चार दिवस टांगला होता: ७८, ८१, ८०, ७९ टक्के. आतल्या भिंतीवर ६६. फोटोत होती तशी मांडणी दारासमोर करायची होती, ती सोडून दिली. चित्रं आतल्या भिंतीवर जातील.

२९ सप्टेंबर, रविवार

दोन्ही चित्रं जुन्या कलावस्तू जपण्याचं काम करणाऱ्या एका व्यावसायिक संवर्धिकेला दाखवली. खरं म्हणजे हे जुलैतच करायला हवं होतं. पैसे वाचवायला गेले आणि हिरवा कोपरा गमावला.

काचचित्रात नवा रंग भरायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. आम्लरहित कागदावर जलरंगाने तसाच हिरवा रंग तयार करायचा आणि तो कागद काचेच्या मागे, रंगाला न टेकवता, दोन मिलिमीटर अंतर सोडून लावायचा. समोरून बघताना गेलेली जागा भरलेली दिसते आणि मूळ चित्राला हात लागत नाही. उद्या कुणाला यापेक्षा चांगला उपाय सापडला तर कागद काढता येतो. सुटत चाललेला रंग बसवण्याचं काम त्या स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली करतील.

लक्ष्मीच्या पायाशी लालसर डाग आहे. मी तो काढता येईल का विचारलं. त्यांनी भिंग दिलं आणि म्हणाल्या, "बघा तुम्हीच." डाग पसरलेला नव्हता, बोटाच्या टोकाएवढे सात-आठ ठसे एकावर एक पडलेले. कुंकू. चौकटीला काच बसवण्याआधी किंवा काच फुटलेल्या काळात कुणीतरी थेट चित्राच्या पायांवर लावत होतं. हळदीचं कुंकू पाण्याने पसरतं आणि रंगही बदलतो. शिवाय ओलं केलं तर जरीचे काठ काळे पडतील आणि दोरा आकसून कागद फाटेल. म्हणून चित्र धुवायचं नाही. मऊ ब्रश आणि रबराच्या चुऱ्याने कोरडी साफसफाई, एवढंच.

मी सुरुवातीला जरीचे काठ उसवून, कागद सपाट करून, मग पुन्हा टाचायचं म्हणत होते. तो विचार तिथेच सोडला. टाके ज्या हाताने घातले त्याच हाताचे राहू देत. सुटलेली मखमल तेवढी पातळ, चिवट जपानी कागदाच्या पट्टीवर गव्हाच्या खळीने बसवायची. खळ म्हणजे कुरडईला काढतो तसला गव्हाचा चीकच, पण त्यातला चिकट भाग पूर्ण धुऊन काढून उरलेल्या शुद्ध सत्त्वाची. ती पाण्याने पुन्हा सोडवता येते. फेव्हिकॉल सुटत नाही, म्हणून तो जुन्या कागदाजवळ आणायचासुद्धा नाही.

दोन्ही चित्रांचे मिळून १२,००० रुपये आणि दोन महिने. दसरा हुकला.

२० ऑक्टोबर, रविवार

चौकटीच्या पॉलिशमध्ये गैरसमज झाला. मी मिस्त्रींना "पॉलिश करून द्या" एवढंच सांगितलं. संध्याकाळी गेले तेव्हा एक बाजू घासून पांढरी केली होती आणि मेलामाइन या आजच्या रासायनिक पॉलिशचा पहिला हात द्यायची तयारी चालली होती. त्यांची चूक नाही, आज सगळी गिऱ्हाइकं तेच मागतात. थांबवलं. घासलेल्या बाजूवरचा जुना तांबूस थर गेला तो गेलाच.

उरलेल्या तीन बाजूंवर फक्त स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापडाने मळ उचलला, मग लाखदाण्याच्या पातळ पॉलिशचे हात दिले. चौथ्या बाजूला तेच, पण अकरा हात लागले तेव्हा कुठे रंग जुळत आला. मिस्त्रींच्या वडिलांनी कापसाची गादी धरायची पद्धत दाखवली: जोर द्यायचा नाही, थांबायचं नाही, थांबलं की डाग पडतो. दमट हवेत लाखेवर पांढरी झाक येते, म्हणून दुपारी ऊन असतानाच काम. २,८०० रुपये.

१७ नोव्हेंबर, रविवार

न्यू जर्सीची मावसबहीण दिवाळीला आली होती. तिला तिच्या घरासाठी असंच एक काचचित्र हवंय, जाताना सामानात नेईन म्हणाली. नाही म्हणावं लागलं. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. जुनी चित्रं पुरातत्त्व खात्याकडे नोंदवायलाही लागतात. माझ्या काचचित्राचे कागद आणि फोटो जमवून ठेवलेत, अर्ज करणार आहे. रविवर्म्यांची मूळ चित्रं तर १९७९ पासून राष्ट्रीय कलानिधी आहेत. बहीण थोडी हिरमुसली, पण तिला मी ती नवी हंडी दिली. मला जुनी मिळेपर्यंत कडी रिकामी.

२२ डिसेंबर, रविवार

चित्रं आली. जोडणीला दोन संध्याकाळी लागल्या. क्रम असा ठेवला: काच, मग आम्लरहित पुठ्ठ्याची खिडकी, तीही नेहमीपेक्षा जाड, कारण टिकल्या आणि जरीचे काठ काचेला टेकता कामा नयेत. मग चित्र, कागदी बिजागऱ्यांवर फक्त वरच्या कडेने टांगलेलं, म्हणजे हवामानाप्रमाणे कागदाला हलायला जागा राहते. मग पुन्हा पुठ्ठा. देवदाराच्या फळ्या लावल्या नाहीत, पण अक्षरं असलेली फळी चौकटीच्या मापाचा कागद गुंडाळून वेगळी जपून ठेवली. ती या चित्राची आहे.

पहिल्यांदा जोडल्यावर काचेच्या आत माझाच एक केस दिसला. सगळं पुन्हा उघडलं.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. काल चित्रं टांगली, आज हळदीकुंकू ठेवलं. चौकटीच्या मागच्या चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावलेत, भिंत आणि चौकट यांत हवा खेळती राहावी म्हणून. आत्याला वाईहून आणलं. ती चित्रासमोर गेली, हाताने चौकट चाचपली, मग जरीच्या जागी काचेवर बोट टेकवून म्हणाली, "काठ उजव्या बाजूनं आहे. आपला डावीकडून होता." मग कोयरी मागितली. कुंकू काचेवर लावलं, बरोबर पायांशी, आतल्या ठशांच्या वर.

मी काच पुसलेली नाही.

खर्च: फसलेलं चित्र ६,५००, हंडी १,४००, लक्ष्मी ११,०००, बाळकृष्ण ८,५००, संवर्धन १२,०००, पॉलिश २,८००, काच, पुठ्ठा, मापक आणि किरकोळ ४,६००, प्रवास ३,३५०. एकूण ५०,१५० रुपये. ठरवल्यापेक्षा दहा हजारांनी जास्त, वेळ तीन महिन्यांनी जास्त.

१६ फेब्रुवारी, रविवार

लक्ष्मीच्या चौकटीखाली, खालच्या फळीवर काळा कागद ठेवला होता. कीड उरली असेल तर पिवळं पीठ त्यावर लगेच दिसतं. महिनाभरात काही पडलेलं नाही. पण किडे बाहेर पडतात ते उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडाशी, म्हणून कागद जूनअखेरपर्यंत तिथेच राहील. बाळकृष्णाचा तिरक्या उजेडातला फोटो घेतला, डिसेंबरच्या फोटोशेजारी ठेवून पाहिला. रुपेरी चकाकी वाढलेली नाही. पुढचा फोटो मे महिन्यात.